डावीकडचा भांग

तिने टाकी खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरली आणि एक डोळा मिटून तिच्यावरून नजर फिरवली. रंगावरचं पारदर्शक लॅकर एकसारखं बसलं होतं. ना धुळीचा कण, ना ओघळ, ना बुडबुडा. त्या चकाकीखाली, मोटारसायकलच्या जुन्या टाकीच्या डाव्या अंगावर, एक म्हातारा माणूस गालातल्या गालात हसत होता.

"गॅरेजवाल्या मिस्त्रीने हात राखला नाही हो. म्हातारा कसा हसतोय बघा," ती म्हणाली.

"कोण हसतंय, तो की तू?" नवऱ्याने उत्तरपत्रिकांतून मान वर न करता विचारलं. तो शाळेत गणित शिकवायचा आणि घरीही अधूनमधून तास घ्यायचा.

"दोघं."

दिवसा ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. प्लास्टरचे साचे, त्यावर दात, त्या दातांना शेजारच्या दाताशी जुळेल असा रंग. संध्याकाळी घरी आली की गॅलरीतल्या पडद्याआड कॉम्प्रेसर सुरू व्हायचा आणि हातात एअरब्रश यायचा. पेनाएवढी ती फवाऱ्याची लेखणी, वर रंगाची इवलीशी वाटी, बोटाखाली एक कळ. कळ दाबली की हवा, मागे ओढली की रंग. सुरुवात हौस म्हणून झाली, मग कुणाचं हेल्मेट, कुणाची गिटार, कुणाच्या स्कूटरचं नाक असं करत करत आसपासच्या चार गल्ल्यांत ती "फवारेवाली वहिनी" झाली. गिऱ्हाइकांना हवं असायचं ते ठरलेलं: आगीच्या ज्वाळा, गरुड, वाघ आणि कवट्या. दिवसा दात आणि संध्याकाळी कवट्या, या बाईचं मधल्या माणसाशी काय वाकडं आहे कोण जाणे, असं नवरा पाहुण्यांना सांगायचा.

माणसाचा चेहरा मात्र ती घेत नसे. वाघ चुकला तर वाघ तक्रार करत नाही, हे तिचं त्यावरचं उत्तर. त्यातून गेलेल्या माणसाचा चेहरा तर नाहीच. दोन-तीन जणांना तिने दारातूनच परत पाठवलं होतं.

सलूनवाल्याला परत पाठवता आलं नाही. तो टाकी छातीशी धरून, जिन्यातला दिवा गेलेला असताना चाचपडत वर आला होता आणि घाम पुसायच्या आधी बोलायला लागला होता. गाडी त्याच्या वडिलांची. वडील गेल्यापासून ती दुकानामागे झाकून ठेवलेली. आता ती बाहेर काढायची होती आणि टाकीवर वडील हवे होते.

"ताई, आईने तेव्हापासून दुकानात पाऊल टाकलं नाही," तो म्हणाला होता. "घरात त्यांचा एकच फोटो, ओळखपत्रावरचा. त्यात ते असे बसलेत, जणू कुणी दमच दिलाय. आई म्हणते, तो फोटो काढून ठेव, हे मला ओळखू येत नाहीत त्यात. गाडीवर ते हसताना दिसले तर बघायला येईन म्हणाली आहे. स्वतःहून म्हणाली."

मग त्याने फोनमधला दुसरा फोटो दाखवला. चेहऱ्यापुरता कापलेला, पण स्वच्छ. पांढरे दाट केस, नीट पाडलेला भांग, एका भुवईत जुन्या जखमेची बारीक फट, आणि एका बाजूने जरा जास्त वर गेलेलं हसू. ते हसू बघून तिची जीभ "नाही" म्हणायला वळली नाही.

टाकीचा जुना रंग तिने स्वतः घासून काढला होता, पार पत्र्यापर्यंत. मग अस्तर, मग काळसर निळा, मग त्यावर चेहरा. कातडीचा रंग एका दमात येत नाही. पाण्यासारखा पातळ करून, थरावर थर, आधी कागदावर फुंकून बघायचा आणि मगच टाकीकडे वळायचं. सुईच्या टोकाशी रंग वाळला की एअरब्रश थुंकतो, आणि म्हाताऱ्याच्या गालावर थुंकी उडवायची तिची तयारी नव्हती. म्हणून दर थोड्या वेळाने ती टोक चिमटीने पुसत राहिली. नवऱ्याने त्या आठवड्यांत कॉम्प्रेसरबद्दल एकही विनोद केला नाही, यावरून घरातलं वातावरण कळावं. शेवटी चेहरा मनासारखा उतरला आणि लॅकरसाठी टाकी मिस्त्रीकडे गेली. आज ती परत आली होती.

फोन वाजला. सलूनवाल्याचा निरोप होता.

"ताई, तुम्ही बाबांच्या शर्टाचा रंग विचारला होता ना. तेव्हा मूळ फोटो सापडत नव्हता. आज सापडला. आता उशीर झाला, पण असू द्या तुमच्याकडे. उद्या दुकान बंद असतं, दुपारी या. आई येते आहे."

खाली पूर्ण फोटो होता. म्हातारबाबा सलूनच्या खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती पांढरं कापड, त्याच्या वर शर्टाची जेमतेम कॉलर. मागे त्यांचा मुलगा, एका हातात कात्री, दुसऱ्या हातात उंच धरलेला फोन. त्यांच्या मागे फळीवर बाटल्यांची रांग. बाटल्यांवरची सगळी अक्षरं उलटी. मागच्या भिंतीवरच्या घड्याळातले आकडे, तेही उलटे.

तिने फोन टेबलावर ठेवला. मग परत उचलला. मग टाकीकडे बघितलं.

"काय झालं?"

"अहो, हा फोटो आरशातला आहे."

"म्हणजे?"

"समोरच्या आरशाचा फोटो काढलाय त्याने. मला दिला तो कापून दिला, म्हणून कळलं नाही. त्यांचा भांग डावीकडे होता. मी उजवीकडे काढलाय. भुवईतली फट, हसू, सगळं उलट. सगळंच्या सगळं."

नवरा उठून आला. त्याने फोटो बघितला, टाकी बघितली, पुन्हा फोटो बघितला. पेपर तपासायचं लाल पेन त्याच्या हातातच होतं, ते त्याने हळूच खिशात ठेवलं.

लॅबमध्ये डाव्या-उजव्याची भानगड तिच्याइतकी कुणी सांभाळत नसे. नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगायची: साचा हातात आला की आधी डावं-उजवं लिहा, मग बाकीचं. ज्याचा दात त्याच्याच बाजूला गेला पाहिजे. आणि तिनेच एका माणसाचा अख्खा चेहरा फिरवून ठेवला होता.

तिने मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री जेवत असावा.

"लॅकरखाली गेलं ते गेलं, वहिनी," तो म्हणाला. "काढायचं तर पत्र्यापर्यंत घासायचं. चांगलं तर झालंय, कशाला काढता?"

फोन ठेवून ती खुर्चीत बसली. गॅलरीत पडदा हलत होता आणि कॉम्प्रेसर गप्प होता. नवऱ्याने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"कुणाच्या लक्षात येणार आहे?" तो म्हणाला.

"त्याच्या. सलूनवाला आहे तो. दिवसभर लोकांचे भांग पाडतो. बापाचा भांग कळणार नाही त्याला? आणि तिच्या. तिने संसार केलाय त्यांच्याशी."

"मग गाडीला आरसा असतोच की. त्यात बघा म्हणावं."

एरवी ती हसली असती. आता तिने फक्त त्याच्याकडे बघितलं आणि तो उत्तरपत्रिकांकडे परत गेला.

मूग गिळून बसायचं, हाही विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. जेवताना आला, भांडी आवरताना आला, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये साच्यावर "डावा" लिहिताना तर फारच आला. ओळखपत्रावरचा नवरा जिला ओळखू येत नाही, ती बाई इतक्या महिन्यांनी दुकानाची पायरी चढणार, आणि समोर तिसराच माणूस. बाई काही बोलणारही नाही. छान आहे म्हणेल, घरी जाईल आणि पुन्हा येणार नाही. हे तिला इतकं स्पष्ट दिसत होतं की तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. आधी सांगून टाकायचं, मग उघडायचं, असं ठरवून तिने टाकी जुन्या चादरीत गुंडाळली. नवरा शाळेतून लवकर आला आणि टाकी उचलून चालू लागला.

सलूनचं अर्धं शटर वर होतं. बाहेर मिस्त्री टाकीविना गाडीपाशी उकिडवा बसून नट-बोल्टचे पाने मांडत होता. आत दोनच खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागच्या फळीवर त्याच त्या बाटल्या. आता त्यांच्यावरची अक्षरं सरळ वाचता येत होती आणि ते बघून तिला अजूनच कसंतरी झालं. पावडरीचा वास होता. फरशी इतकी पुसलेली की चप्पल बाहेर काढावी की काय, असं तिला वाटलं.

"या, ताई, या. सर, इकडे द्या." सलूनवाल्याने नवऱ्याच्या हातातून टाकी घेतली. त्याने नवा शर्ट घातला होता. "आई येतेच आहे. कोपऱ्यापर्यंत आली आणि थांबली आहे. म्हणाली, तू आधी बघ."

"त्याआधी मला जरा बोलायचंय."

"बोलू की. आधी बाबांना बसवू."

लहान मुलांना बसवायची फळी त्याने खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकली, तिच्यावर टॉवेलची वळकटी ठेवली आणि टाकी त्यावर टेकवली. चादरीआडून त्याने ती चाचपून बघितली आणि रंगवलेली बाजू आरशाकडे येईल अशी नीट फिरवली. "याच खुर्चीत बसायचे माझ्याकडून केस कापून घ्यायला," तो म्हणाला. "स्वतःच्या हाताने मला शिकवलं आणि मग माझ्याखेरीज कुणाला डोक्याला हात लावू दिला नाही."

"अहो, ऐका ना. माझ्याकडून—"

पण तो खुर्चीमागे जाऊन उभा राहिला होता. केस कापून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या गळ्यातलं कापड काढतात तशी त्याने चादर एका झटक्यात ओढली आणि सवयीने समोर आरशात बघितलं.

त्याचं हसू यायला निघालं आणि वाटेत थांबलं. डावा हात आपोआप वर आला, बोटं कंगवा धरल्यासारखी, टाकीच्या डाव्या कडेपर्यंत गेला. आरशात भांग दुसऱ्या बाजूला होता. हात तसाच हवेत राहिला.

"फार सुंदर काढलंय, ताई," तो म्हणाला. मग आरशात पुन्हा एकदा बघून, "पण हे... मला काय होतंय कळत नाही. बाबांसारखे आहेत. भाऊ वाटतात बाबांचे."

तिने शटरच्या दांड्याला हात टेकवला.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "तुमचा फोटो आरशातला होता. मला काल कळलं, पूर्ण फोटो आल्यावर. लॅकर आधीच बसलं होतं. मी त्यांना उलटं काढलंय. डावं ते उजवं झालंय. हे घासून मी पहिल्यापासून करीन, जेवढे दिवस लागतील तेवढे. पण आज तुमच्या आईंना—"

"आरशातला?" त्याने तिला मध्येच थांबवलं. "तो फोटो आरशातला, हो. मग उलटं कसं?"

उत्तराची वाट न बघता तो खुर्चीला वळसा घालून पुढे आला, आरसा आणि खुर्ची यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरला आणि टाकीसमोर गुडघ्यांवर बसला. आता चेहरा थेट त्याच्या पुढ्यात होता. तिला त्याची फक्त पाठ दिसत होती. नव्या शर्टाला दुकानातल्या घडीची रेघ अजून होती.

"हे बघा," तो म्हणाला. "हे बघा. हे माझे बाबा."

"पण भांग..."

"ताई, इथे आम्ही दोघं सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत शेजारी शेजारी उभे असायचो. तोंडं आरशाकडे. काही सांगायचं झालं, रागवायचं झालं, एखाद्या गिऱ्हाइकावर हसायचं झालं, सगळं आरशात. ते तिकडून माझ्याकडे बघायचे, मी इकडून त्यांच्याकडे. घरी गेल्यावर ते पेपरात आणि मी माझ्या फोनमध्ये. मी बाबांना बघितलंय ते असंच." त्याने मनगटाने नाक पुसलं. "तुम्ही सरळ काढलं असतं ना, तर ते मगाचे आरशातले पाहुणे आले असते टाकीवर. ओळखलंच नसतं मी."

तिचा जीव भांड्यात पडला. इतका जोरात पडला की तिला बसावंसं वाटलं आणि ती बाकावर बसलीसुद्धा. नवरा शेजारी बसला. त्याचं तोंड उघडलं होतं, आरसा म्हणजे काय हे तो आता समजावून सांगणार, हे ओळखून तिने त्याच्या पायावर पाय ठेवला.

तेवढ्यात शटरखालून सलूनवाल्याची आई आत आली. बारीक अंगाची, हातात घट्ट धरलेली पिशवी. ती कुणाकडे बघत नव्हती, दुकानाकडे बघत होती. फळी, बाटल्या, खुंटीवरचा टॉवेल. मग म्हणाली, "कुठे आहेत?"

"इथे, आई. इकडे समोर ये."

त्याने तिला हाताला धरून आपल्या जागी आणलं. तिने चष्मा नीट केला आणि वाकून बघितलं. जवळून बघितलं, मान मागे घेऊन बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली.

बाकावर बसलेल्या फवारेवालीने हा सूर कालपासून मनात ऐकला होता. अगदी असाच. तिची बोटं नवऱ्याच्या बाहीत रुतली.

"मेहनत दिसते," आई पुढे म्हणाली आणि मुलाच्या दंडावर थोपटलं. "मी बसते जरा. चालून आले ना." ती वळली आणि बाकाकडे यायला निघाली. बाकाकडची वाट खुर्चीच्या मागून होती. खुर्चीला हात लावून पुढे जाताना तिने मान वर केली आणि ती थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली.

आरशात टाकी होती. टाकीवर तिचा नवरा होता, भांग जिथे असायचा तिथे, हसू ज्या बाजूने वर जायचं त्याच बाजूने.

"आत्ता तर नव्हते," ती पुटपुटली. पिशवी तिच्या हातातून खाली टेकली. "मी वाढायला वाकले ना, की असेच बघायचे ताटावरून. मीठ कमी असलं तरी असेच." मग तिने आरशातूनच मुलाकडे बघितलं. "तू का रडतोस? बघ की तूही."

"माझे इकडे आहेत, आई," मुलगा म्हणाला. तो अजून टाकीच्या पुढ्यातच बसला होता.

आईला ते कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. बाकाकडे न वळता ती म्हणाली, "पोरी, तू भेटली होतीस यांना?"

"नाही, काकू. कधीच नाही."

"मग इतकं बरोबर कसं आलं?"

तिला लॅबमधली डाव्या-उजव्याची शिस्त आठवली, मिस्त्रीचं जेवण आठवलं. "चुकलं म्हणून आलं," ती म्हणाली.

आधी सलूनवाला हसला. मग नवरा, जो मघापासून दम धरून होता. मग तीही हसली, डोळे पुसत, कालपासून अडकलेलं सगळं मोकळं झाल्यासारखी. आईला विनोद समजला नव्हता, पण आरशातला माणूस हसतच होता, तेव्हा तीही त्याच्याबरोबर हसली.

हसण्याचा आवाज ऐकून मिस्त्री शटरखालून वाकून आत आला. हात फडक्याला पुसत त्याने खुर्चीकडे बघितलं. "मग? न्यायची ना टाकी? गाडी तयार आहे."

सलूनवाल्याने आईकडे बघितलं. आई खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती, तो उभा राहायचा तशी. तिने मागे वळून बघितलं नाही.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "यांचं अजून व्हायचंय."

मिस्त्री बाकाच्या टोकाशी बसला आणि त्याने तिथला जुना पेपर उघडला.